इंग्रजी बोलण्याची गोडी

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्याच्या शाळेत इंग्रजीचा तास चालू असता एक चमत्कारिक गोष्ट पुष्कळदा दृष्टीस पडते. फळ्यावरचा इंग्रजी उतारा मुले सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतात, त्याखालील प्रश्नांची उत्तरे वहीत बिनचूक लिहितात आणि कठीण शब्दांचे अर्थही घडाघडा म्हणून दाखवितात. इतके सगळे झाल्यावर शिक्षकांनी एखाद्याला उभे करून, "काल संध्याकाळी तू काय केलेस, ते इंग्रजीत सांग पाहू," असे म्हटले की वर्ग एकदम चिडीचूप होतो. वहीत दहा वाक्ये शुद्ध लिहिणारा विद्यार्थी एका वाक्याशी अडखळतो. त्याला शब्द ठाऊक असतात, पण ते वेळेवर जिभेवर येत नाहीत. त्याच वर्गात परीक्षेत बेताचेच गुण मिळविणारी एखादी मुलगी मात्र मोडकेतोडके का होईना, पण चार वाक्ये बोलून जाते आणि ऐकणाऱ्याला तिचे म्हणणे कळतेही.

या दोघांत फरक कशाचा? पहिला मंद आणि दुसरी हुशार, असे म्हणता येत नाही. गुणपत्रिका तर नेमके उलटे सांगते. घरी इंग्रजी बोलणारे कोणी असावे, तर दोघांच्याही घरी शेतीची कामे आणि वऱ्हाडी बोली. हा फरक पुष्कळ अंशी गोडीचा आहे. परंतु गोडी म्हणजे नेमके काय आणि ती जिभेपर्यंत कशी पोहोचते, हे मात्र वाटते तितके सोपे नाही.

वऱ्हाडात इंग्रजी आली ती कचेरीच्या वाटेने. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, आणि पुढे बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. इंग्रजी जाणणारा माणूस म्हणजे अर्ज लिहिणारा, हुकूम वाचणारा, नकला उतरविणारा कारकून, अशीच समजूत त्या काळी रूढ झाली. बोलण्याचा प्रसंग साहेबापुढे, आणि तोही भीतभीत. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतील हेडक्लार्क बापूजी हरी शिंदे यांनी आपल्या मुलीला, म्हणजे ताराबाईंना, घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा गाजलेला ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला, आणि तो मराठीत आहे. इंग्रजी येत असूनही त्यांनी मराठी निवडली. कारण त्यांना जे सांगावयाचे होते ते आपल्याच माणसांना सांगावयाचे होते. कोणती भाषा बोलावी हे पुष्कळदा ऐकणारा ठरवितो, बोलणारा नव्हे. ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

आज परिस्थिती पालटली आहे. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविली जाऊ लागली. म्हणजे सातवीतल्या विद्यार्थ्याने सहा वर्षे इंग्रजी शिकलेली असते. तीन वर्षांचे मूल आपली मातृभाषा भराभर बोलते, आणि सहा वर्षे शिकलेला विद्यार्थी इंग्रजीत मुका राहतो, याचे नवल वाटणे साहजिक आहे. परंतु थोडा हिशेब केला तर नवल ओसरते. समजा, तास चाळीस मिनिटांचा आहे आणि वर्गात चाळीस मुले आहेत. शिक्षक क्षणभरही बोलले नाहीत आणि प्रत्येकाला पाळीपाळीने बोलू दिले, तरी एका मुलाच्या वाट्याला दिवसाकाठी एकच मिनिट येते. प्रत्यक्षात तेही येत नाही. उलट घरातले मूल जागे असेपर्यंत बोलत असते, आणि त्याच्या चुकांना कोणी गुण देत नाही की कोणी त्या तांबड्या शाईने खोडीत नाही.

शिवाय लिहिणे आणि बोलणे या दोन वेगळ्या कला आहेत. लिहिताना विचार करावयास अवकाश असतो. शब्द खोडता येतो, नियम आठवता येतो. बोलण्यात ती सवड नसते. जगातील अनेक भाषांतील संभाषणे मोजून पाहिली, तेव्हा एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरीने सेकंदाचा सुमारे पाचवा भागच जातो, असे आढळले. डोळ्याचे पाते लवण्याइतकाच हा वेळ! तेवढ्यात मराठी वाक्य मनात जुळवून, त्याचे भाषांतर करून, क्रियापद उचलून मधोमध आणणे कोणालाही साधणार नाही. 'मी शाळेत जातो' या वाक्यात क्रियापद शेवटी आहे. 'आय गो टू स्कूल' यात ते कर्त्यापाठोपाठ येते. 'अ' आणि 'द' या चिमुकल्या शब्दांना तर मराठीत जोडीदारच नाही. हे सगळे विचार न करता घडले पाहिजे, आणि जे विचार न करता घडते ते केवळ सरावाने घडते. सायकलवर बसणाऱ्याला तोल कसा सांभाळावा याचे नियम सांगून सायकल येत नाही. तसेच हे आहे.

मग इतका सराव कोण करतो? ज्याला गरज आहे तो, किंवा ज्याला गोडी आहे तो. गरजेचे उदाहरण पाहावयाचे तर बुलढाणा जिल्ह्याच्या बाहेर जावे लागत नाही. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका आहे. त्या बाजूच्या काही वस्त्यांत निहाली नावाची भाषा बोलली जाते. ती बोलणारी माणसे अवघी दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत, आणि जगातील दुसऱ्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून भाषाशास्त्रज्ञांना तिचे मोठे कुतूहल वाटते. निहाली बोलणारे लोक शेजाऱ्यांशी कोरकू बोलतात, आणि बाजारात व कामाच्या ठिकाणी मराठी व हिंदीही बोलतात. या चार भाषांतील दोन आर्य कुळातल्या, एक मुंडा कुळातली आणि एक कोणत्याच कुळातली नाही. इतक्या त्या एकमेकींहून निराळ्या आहेत. बाजारात भाव ठरवावयाचा असतो, रानात बरोबरच्या माणसाला हाक मारावयाची असते, म्हणून त्या येतात. वऱ्हाडी मुलाला इंग्रजी जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी सातपुड्याच्या या पायथ्याकडे एकदा जरूर पाहावे.

किंबहुना वऱ्हाडातील प्रत्येक मूल शाळेत पाऊल ठेवते त्याच दिवशी एक नवी भाषापद्धती शिकू लागते. घरी ते 'डोया' म्हणते, पुस्तकात 'डोळा' वाचते; घरी 'तो काय करून राहिला' असे विचारते, शाळेत 'तो काय करीत आहे' असे लिहिते. थोड्याच वर्षांत ते दोन्ही तऱ्हा लीलेने वापरते आणि कोणापुढे कोणती वापरावी हेही बरोबर ओळखते. हे कौशल्य लहान नाही. फक्त त्याला कोणी भाषाशिक्षण म्हणत नाही, इतकेच.

इंग्रजीची गरज मात्र खेड्यातील मुलाला रोज भासत नाही. दूध आणावयास, बैल सोडावयास, क्रिकेट खेळावयास ती लागत नाही. म्हणून गरजेची उणीव गोडीने भरून काढावी लागते. गोडीचे हे सामर्थ्य किती, याचा शोध कॅनडा देशातील मॉन्ट्रिआल शहरी रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी घेतला. तेथे इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषा बोलणारे लोक शेजारीशेजारी राहतात. इंग्रजी घरांतील जे विद्यार्थी शाळेत फ्रेंच शिकत होते, त्यांचा अभ्यास करून या दोघांनी १९५९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाषा लवकर उचलण्याची उपजत शक्ती ज्यांच्या अंगी अधिक होती त्यांची प्रगती अधिक दिसली. हे अपेक्षितच होते. पण या शक्तीहून निराळी आणि तितकीच महत्त्वाची अशी दुसरी गोष्ट आढळली, ती म्हणजे शिकण्याची इच्छा. फ्रेंच बोलणाऱ्या शेजाऱ्यांविषयी ज्यांना आपुलकी आणि कुतूहल होते, त्यांच्यात ती इच्छा विशेष बळकट होती. उपजत शक्ती वाढविणे कोणाच्या हाती नाही. इच्छा मात्र वाढविता येते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्याला गोडी आहे तो चांगले बोलतो, हे खरे. पण ज्याला बोलता येऊ लागते त्याचीही गोडी वाढते. विहिरीच्या रहाटगाडग्याप्रमाणे ही दोन्ही एकमेकांना वर ओढतात. दुर्दैवाने ते चाक उलटेही फिरते. एकदा बोलताना चूक झाली, मुले हसली, की पुन्हा बोलण्याची हिंमत होत नाही. बोलले नाही म्हणून सराव होत नाही. सराव नाही म्हणून पुढच्या वेळी अधिक चूक होते, आणि शेवटी 'मला इंग्रजी आवडत नाही' असे तो विद्यार्थी म्हणू लागतो. वास्तविक त्याला इंग्रजी नावडती नसते. त्याला हसे होणे नावडते. मन भ्याले म्हणजे निम्मे लक्ष लोक काय म्हणतील इकडे जाते, आणि उरलेल्या निम्म्यात शब्दही शोधावयाचे आणि व्याकरणही सांभाळावयाचे. अशा वेळी भल्याभल्यांची बोबडी वळते.

नुसती गोडी असून मात्र भागत नाही, हेही कॅनडातच दिसून आले. तेथील काही शाळांत इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना गणित, इतिहास असे विषयही फ्रेंचमधूनच शिकवीत. वर्षानुवर्षे फ्रेंच कानी पडल्याने ती मुले ऐकलेले जवळजवळ फ्रेंच मुलांइतकेच समजू लागली, परंतु बोलण्यात मागे राहिली. मेरिल स्वेन या विदुषीने १९८५ साली याचे कारण सुचविले. ऐकताना अर्थाचा अदमास घेऊन भागते. स्वतः बोलू लागल्यावरच आपल्याला काय येत नाही ते कळते, आणि मग मन त्या उणिवेच्या मागे लागते. आज पुष्कळ मुले मोबाईलवर इंग्रजी चित्रफिती आवडीने पाहतात. त्यांचा कान तयार होतो, ही जमेची बाजू आहे. जीभ मात्र हलविल्याशिवाय तयार होत नाही. पोहणाऱ्यांकडे काठावरून कितीही आवडीने पाहिले तरी पोहता येत नाही, हे विहिरीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.

गोडीचेही प्रकार आहेत. एखादे दिवशी शाळेत पाहुणा येतो, नवा खेळ घेतला जातो, आणि सर्वांना इंग्रजी आवडू लागते. आठ दिवसांनी सारे थंड. सुझॅन हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर यांनी २००६ साली गोडीच्या चार पायऱ्या वर्णन केल्या. पहिली गोडी प्रसंगाने पेटते, दुसरी प्रसंगाच्या आधाराने टिकते, तिसरीत ती माणसाची स्वतःची होऊ लागते आणि चौथीत ती पक्की मुरते. पहिलीवरून पुढे जावयाचे तर त्या विषयात स्वतःचे असे काहीतरी सापडावे लागते. 'इंग्रजी आली तर नोकरी मिळेल' हे वडीलधाऱ्यांचे सांगणे खोटे नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला दहा वर्षांनंतरची नोकरी आजच्या दुपारी बोलते करीत नाही.

ही उसनी गोडी आणि स्वतःची गोडी यांतील अंतर आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. त्यांचा जन्म १८६५ सालचा, आणि घरची भाषा मराठीच. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपालखात्यात होते. पत्नीने शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता, आणि तो हट्ट पुष्कळदा जाचकही असे. म्हणजे आरंभी शिकण्याची हौस गोपाळरावांची होती, आनंदीबाईंची नव्हे. पुढे चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि योग्य उपचारांअभावी ते दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून आपण डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा झाली. स्त्रिया परक्या पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचत, आणि स्त्री-डॉक्टर तर या देशात अगदीच विरळ होत्या. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांताच्या कार्पेंटरबाईंशी १८८० पासून त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. इंग्रजीत लिहिलेले शब्द वाचणारे, उत्तर देणारे आणि काळजी करणारे माणूस त्यांना मिळाले. १८८३ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याजवळील सेरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी जमलेल्या लोकांपुढे इंग्रजीत भाषण केले. त्या वेळी त्यांचे वय अठराही पुरते झाले नव्हते. स्त्रीने समुद्र ओलांडून परदेशी का जावे, असा लोकांचा आक्षेप होता, आणि त्या आक्षेपाला त्यांना उत्तर द्यावयाचे होते. त्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांचा इंग्रजीचा अभ्यास गोपाळरावांच्या धाकाने सुरू झाला खरा. परंतु त्या सभेत त्यांना उभे केले ते त्यांच्या स्वतःच्या बोलण्याच्या निकडीने.

अर्थात प्रत्येकाला बोलते होण्यासाठी एवढ्या मोठ्या दुःखातून जावे लागत नाही. साधी आवडही पुरते. ज्याला क्रिकेटचा नाद आहे तो 'कव्हर ड्राइव्ह' आणि 'यॉर्कर' यांचे अर्थ कधी पाठ करीत नाही, तरी तो ते चुकवीत नाही. ज्याच्या वडिलांचा कापूस खामगावच्या बाजारात जातो, त्याला 'जिनिंग' आणि 'प्रेसिंग' यांतला फरक विचारून पाहावा. ज्या विषयात मन गुंतलेले असते त्याचे शब्द आपोआप चिकटतात. म्हणून इंग्रजी आवडावी यासाठी खटपट करण्यापेक्षा, जे आधीच आवडते ते इंग्रजीत सांगावयास लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

उच्चारांची भीती तर विनाकारण बाळगली जाते. मराठी मुलाला 'जग' मधला ज आणि 'जसा' मधला ज असे दोन निराळे उच्चार लहानपणापासून अवगत असतात. त्यामुळे 'झू' या शब्दाचा पहिला वर्ण त्याला फारसा जड जात नाही. भारतातील इतर काही भाषा बोलणाऱ्यांना तो कष्टाने शिकावा लागतो. इंग्रजीतील 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांना मराठीत एकच व आहे, तेवढे कानाने वेगळे करावयास हवे. ते सरावाने जमते, आणि न जमले तरी बहुधा काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो.

आता पुन्हा चाळीस मिनिटांच्या त्या तासाकडे वळावे. तोच वर्ग दोघादोघांच्या जोड्या करून बसविला आणि वीस मिनिटे एकमेकांशी बोलण्यास दिली, तर एका मिनिटाऐवजी प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे येतात. वर्गात गलका होतो हे खरे, पण त्या गलक्यात कोणाची चूक कोणाला ऐकू जात नाही, हा त्याचा मोठाच फायदा आहे. फक्त बोलावयास काही विषय हवा. बुलढाणा जिल्ह्यातील मुलांना तर तो शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारणच नाही.

लोणारचे सरोवर याच जिल्ह्यात आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा काळ्या बेसाल्ट खडकात पडलेला आहे. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. हे ज्वालामुखीचे तोंड असावे असे पुष्कळ काळ मानले जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, तेथे सापडलेल्या काचेसारख्या पदार्थांच्या आधारे, तो उल्कापाताने झाल्याचे दाखवून दिले. आतले पाणी खारट आहे आणि क्षारयुक्तही. ते पाहण्यासाठी देशोदेशींचे अभ्यासक आणि प्रवासी येतात, आणि त्यांतील पुष्कळांना मराठी येत नाही. २०२० च्या जून महिन्यात हे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा तर साऱ्या जगाचे लक्ष इकडे लागले. अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

समजा, सरोवराच्या काठावर एखादा पाहुणा लोणारच्या मुलीला विचारतो, पाणी गुलाबी का झाले होते? तिला उत्तर ठाऊक आहे, कारण तो रंग तिच्या घरातल्यांनी स्वतः पाहिला आहे. पण 'सूक्ष्मजीव' याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला या क्षणी आठवत नाही. पाहुणा तर उत्तराची वाट पाहत उभा आहे. ती थोडी थांबते, आणि मग हात जवळ आणून, बोटांची चिमूट करून म्हणते, "व्हेरी, व्हेरी स्मॉल लिव्हिंग थिंग्ज. इन सॉल्ट वॉटर दे ग्रो. दे आर पिंक." व्याकरणाच्या पुस्तकाने यातले दुसरे वाक्य कदाचित निराळे बसविले असते. पाहुण्याला मात्र सारे समजते, आणि तो पुढचा प्रश्न विचारतो.